शून्याजवळची पट्टी

आमच्या विभागात एक रीत होती. शून्याजवळचं काही ठेवायचं नाही. ती कुठं लिहून ठेवलेली नव्हती, पण संशोधनाला नवीन कुणी आलं की पहिल्याच आठवड्यात त्याच्या कानावर घातली जायची, नव्या सुनेला त्या अमुक कपाटाला हात लावू नकोस म्हणून सांगतात तशी. मीही ती ऐकली आणि मान डोलावली. पुढं त्या रीतीपायी माझं जे व्हायचं ते झालं, म्हणून आधी तीच नीट सांगते.

मी रेडिओ खगोलशास्त्रात पीएच.डी. केली, तीही कोल्हापुरातल्या कॉलेजात. हे सांगितलं की निम्मे लोक विचारतात, म्हणजे पत्रिका बघता का. पूर्वी मी त्यांना समजावत बसायची. आता नाही म्हणून मोकळी होते. माझा विषय होता दीर्घिकांच्या लहान समूहांमधलं चुंबकीय क्षेत्र. आपली आकाशगंगा ही एक दीर्घिका. अशा काही दीर्घिका एकमेकींना धरून राहिल्या की त्याला समूह म्हणतात. त्यांच्या मधल्या जागेत म्हटलं तर काहीच नसतं, आणि म्हटलं तर अतिशय विरळ, तापलेला वायू असतो आणि त्यात दुबळं चुंबकीय क्षेत्र. ते डोळ्यांना दिसत नाही. पण तिथून येणारी रेडिओ लहर एका ठरावीक दिशेत थरथरत असते आणि चुंबकीय क्षेत्रातून येताना ती दिशा वळते. लहर लांब असली तर जास्त, आखूड असली तर कमी. हे वळण मोजलं की वाटेत चुंबक कितपत होता याचा अंदाज येतो.

घरी हे सांगायची वेळ आली तेव्हा मात्र मला फार कष्ट पडले नाहीत, कारण आमच्या घरात चुंबकावरच चूल पेटत होती. अप्पा, म्हणजे माझे वडील, शिरोलीच्या एका फौंड्रीत क्रेनवर होते. क्रेनच्या टोकाला परातीएवढा विजेवरचा चुंबक. त्यानं भंगार उचलायचं आणि भट्टीपाशी नेऊन सोडायचं. आम्ही राहायला कागलला. ते रोज एसटीनं जायचे आणि संध्याकाळी अंगाला लोखंडाचा वास घेऊन यायचे. त्यांनी मला विचारलं होतं की तुझा चुंबक किती उचलतो. मी म्हटलं, टाचणीसुद्धा नाही उचलणार. यावर ते हसतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले की मग मोजायला लई अवघड जात असेल. माझ्या विषयाबद्दल आजवर मला कुणी इतकं बरं बोललेलं नाही.

आता ती रीत. दुर्बिणीतही गळती असते. लहरीची थरथर पकडायला दुर्बिणीत दोन वेगवेगळ्या वाटा असतात आणि एका वाटेतलं थोडंसं दुसरीत झिरपतं. ते झिरपलेलं म्हणजे यंत्राची स्वतःची घाण, तिचा आकाशाशी काही संबंध नसतो. ती सगळ्या लहरींवर जवळपास सारखीच असते, लहर लांब झाली म्हणून ती जास्त वळत नाही. त्यामुळं वळणाच्या मोजपट्टीवर ती नेमकी शून्यावर जाऊन बसते. म्हणून शून्याच्या दोन्ही बाजूंची पट्टी कापून फेकायची आणि उरलेल्यात काम करायचं. चित्र स्वच्छ येतं, परीक्षक खूश होतात. सरांचा स्वतःचा प्रबंध असाच झाला होता आणि पुढचे सगळे शोधनिबंधही.

सर म्हणजे माझे मार्गदर्शक. त्यांच्याबद्दल आता वाईटच बोलायचं आहे, म्हणून चांगलं आधी बोलून घेते. शहरातल्या एका साध्या कॉलेजात, जिथं प्रयोगशाळेतला नळ दुरुस्त व्हायला अख्खं सत्र जायचं, तिथं या माणसानं रेडिओ खगोलशास्त्र उभं केलं. पुण्याकडच्या मोठ्या दुर्बिणीवर निरीक्षणांसाठी वेळ मिळवला. कागलच्या एका क्रेनवाल्याच्या पोरीला दीर्घिका शिकवल्या. मला ते देवमाणूस वाटायचे. देव न मानणाऱ्या घरात वाढून मला असं वाटायचं, यावरून काय ते समजा.

टाळेबंदी आली तेव्हा माझा समूह दुर्बिणीनं दोनदा पाहून झाला होता, एकदा दुपारी आणि एकदा पहाटे. सरांच्या पद्धतीप्रमाणं दोन्ही निरीक्षणं एकत्र करून मग पुढं जायचं, म्हणजे गोंगाट कमी होतो. कॉलेज बंद. कॉलेजातला मोठा संगणक कुलपात. मी हार्ड डिस्क पिशवीत घालून कागलला आणली आणि आमच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, अप्पांच्या खाटेशेजारी, लॅपटॉप मांडला. फौंड्रीही बंद होती, त्यामुळं अप्पा दिवसभर घरात. माझ्या लॅपटॉपला दोन्ही निरीक्षणं एकदम झेपेनात. तो तापायचा आणि बंद पडायचा. शेवटी नाइलाजानं मी दुपारचं वेगळं आणि पहाटेचं वेगळं काढलं.

दोन्ही चित्रांत दोन दीर्घिकांच्या मधोमध एक फिकट पट्टी दिसत होती. रीतीप्रमाणं ती कापायचीच होती, शून्याला लागून होती. पण पहाटेच्या चित्रात ती शून्याला चिकटून होती आणि दुपारच्या चित्रात किंचित सरकलेली. यंत्राची बाकीची घाण दोन्हींकडं जागच्या जागी. मी ते पुन्हा काढलं. पुन्हा तेच. मग डोक्यात उजेड पडला. आपल्या डोक्यावर हवेचा अगदी वरचा एक थर असतो, उन्हानं भाजून निघालेला आणि विद्युतभार असलेला. त्याला आयनांबर म्हणतात. दुपारी तो दाट असतो, पहाटे विरळ. आकाशातून येणारी प्रत्येक लहर त्या थरातून खाली येते आणि येता येता अजून थोडी वळते, दुपारी जास्त, पहाटे कमी. यंत्रातली गळती त्या थरातून आलेलीच नसते, त्यामुळं तिला दुपार काय आणि पहाट काय. जी पट्टी उन्हाबरोबर सरकते ती यंत्राची नाही. ती आकाशातली होती. त्या दोन दीर्घिकांच्या मधल्या जागेत खरोखर चुंबक होता आणि आम्ही इतकी वर्षं अशा पट्ट्या घाण समजून कापत आलो होतो.

मी अप्पांना हाक मारली. दोन्ही चित्रं एकाशेजारी एक लावून दाखवली. हे सरकलंय आणि हे सरकलेलं नाही, एवढं त्यांना दिसलं. हे चांगलं झालं का वाईट, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, लई चांगलं. त्यावर ते तोंडाला मास्क लावून बाहेर गेले आणि अर्ध्या गल्लीला सांगून आले. पुढं कित्येक दिवस येणारे-जाणारे मला विचारायचे, काय म्हणतोय तुझा चुंबक. आई वैतागायची. मी वैतागत नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा मला असं काहीतरी माहीत होतं जे जगात अजून कुणालाच माहीत नव्हतं, आणि ते आमच्या सोप्यात बसून कळलं होतं.

कॉलेज उघडल्यावर मी सरांपुढं दोन्ही चित्रं ठेवली. ते खूप वेळ बघत राहिले. मग म्हणाले, गळती आहे. मी उन्हाचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, दोनच निरीक्षणं आहेत, दोनावर काही ठरत नाही. मी म्हटलं, अजून वेळ मागू या. त्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, तुम्हा लोकांना सगळं लगेच हवं असतं. कुठले लोक, हे मी विचारलं नाही. कागलचे असं म्हणायचं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. ती समजूत बरीच वर्षं घालावी लागली.

मी उठायला लागले तेव्हा ते वेगळ्याच आवाजात म्हणाले, “हे खरं असेल, तर मी आजवर काय कापत आलो?”

त्यांच्याकडून मी ऐकलेलं हे सगळ्यात खरं वाक्य. मला त्यांची दया आली. ज्या माणसाच्या हातात माझं सगळं होतं त्याची मला दया आली, म्हणजे मी किती मूर्ख असेन. ते म्हणाले, प्रबंधातून एवढं प्रकरण काढा, पदवी घेऊन टाका, मग आपण सावकाश बघू. मी काढलं. रीतीप्रमाणं पट्टी कापली, चित्र स्वच्छ झालं. माझ्या प्रबंधाचा निष्कर्ष असा छापून आला की सदर समूहात मोजण्याजोगं काही आढळलं नाही. जे मला सापडलं होतं ते आढळलं नाही, असं लिहून मी डॉक्टर झाले. अप्पांनी पेढे वाटले. गल्लीतल्या एका म्हातारीनं माझ्यापुढं सुजलेला गुडघा धरला.

मग नोकरीच्या मुलाखती. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न: तुमच्या संशोधनात नवं काय? मी म्हणायची, वरची मर्यादा ठरवली, म्हणजे यापेक्षा जास्त चुंबकीय क्षेत्र तिथं नाही. समितीतले लोक माना हलवायचे आणि पुढच्या उमेदवाराला बोलवायचे. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, काही न सापडलेल्या बाईला कोण घेणार. अखेर मी फिरून त्याच विभागात आले, तासिका तत्त्वावर. म्हणजे शिकवाल तेवढ्या तासांचं मानधन, सुट्टीत काही नाही आणि दर जूनला नव्यानं तास मागायचे. तास वाटणार विभागप्रमुख. विभागप्रमुख आता सर होते.

सावकाश बघू म्हणाले होते, म्हणून मी दर वर्षी आठवण करायची. ते म्हणायचे, बघू. दरम्यान त्यांच्याकडं एक नवी मुलगी संशोधनाला आली होती. हुशार, सालस, चांगल्या घरातली. ती माझ्याकडं चहा घेऊन यायची आणि विचारायची, मॅडम, दुपारचं आणि पहाटेचं वेगळं काढायचं म्हणजे नक्की कसं. मी सगळं सांगितलं, अगदी कुठं चुकतं तेही. तुम्ही फार छान समजावता मॅडम, असं ती म्हणायची. तिच्यावर माझा राग नाही, असं लिहिणार होते. आहे. थोडा आहे.

त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला तो मी इंटरनेटवरच पाहिला. पहिलं नाव सरांचं, दुसरं तिचं. माझाच समूह, माझीच पट्टी. निरीक्षणं दोनाची चार झाली होती, म्हणजे वेळ मागितला होता आणि मिळालाही होता. मी सरांच्या खोलीत गेले. फार चिडून गेले होते, पण दाराशी पोचेपर्यंत निम्मी चीड चपलांत उतरली. मी विचारलं, सर, हे कसं? ते शांत होते. म्हणाले, “कल्पना हवेत असतात. तुम्ही ती छापली नव्हती.”

तुम्हीच छापू दिली नव्हती, हे मी म्हणायला हवं होतं. वर्गाची घंटा झाली आणि मी वर्गावर गेले. माझे तास त्या वर्षी सोमवार ते शनिवार होते.

फेब्रुवारीत विभागानं राष्ट्रीय चर्चासत्र भरवलं. फाटकावर सरांचा फोटो असलेला फ्लेक्स, पाहुण्यांना कोल्हापुरी फेटे, शाल, श्रीफळ, सगळं रीतसर. सूत्रसंचालन माझ्याकडं. का, तर माझा आवाज चांगला आहे. सरांचा परिचय मला लिहून दिलेला होता, मी फक्त वाचायचा. त्यात होतं की शून्यालगतचा भाग टाकून देण्याची जुनी रूढ पद्धत सरांनी धाडसानं मोडली. ही रूढ पद्धत कुणाची, ते त्यात नव्हतं. मी स्पष्ट उच्चारात, योग्य जागी थांबत वाचलं. टाळ्या पडल्या.

अप्पा आले होते. येऊ नका म्हटलं होतं, तरी आले, कारण त्यांना माझा माईकवरचा आवाज ऐकायला आवडतो. आता ते निवृत्त होते. पांढरा सदरा घालून मधल्या रांगेत बसले होते आणि मी बोलले की शेजारच्याला काहीतरी सांगत होते. सरांच्या भाषणात त्यांना काही कळत नसणार. मग पडद्यावर ती दोन चित्रं आली, एकाशेजारी एक. एकात पट्टी जागच्या जागी, एकात सरकलेली. मी मंचाच्या कडेला उभी होते. अप्पा खुर्चीत पुढं सरकलेले मला दिसले. मी नाही अशी मान हलवली. ते माझ्याकडं बघत नव्हते.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. पहिला प्रश्न बेळगावच्या एका प्राध्यापकांनी विचारला. दुसऱ्या प्रश्नाला अप्पा उठले. त्यांना माईक लागत नाही. भट्टीच्या आवाजावर बोलून बोलून त्यांचा गळा तसाच झाला आहे.

“साहेब, ही दोन चित्रं मी आमच्या घरात बघितल्यात. कागलला. आमच्या पोरीनं काढल्याती. तिचं नाव कुठं हाय ह्यात?”

 माझ्या हातातला माईक चालू होता आणि त्यात माझा श्वास ऐकू येत होता, म्हणून मी तो खाली केला. सर गडबडले नाहीत. त्यांनी हसून हातानं खूण केली, शेवटची स्लाइड लावायला सांगितली आणि फार प्रेमानं म्हणाले, “आहे की, काका. हे बघा. आभारात.”

होतं. संगणक दुरुस्त करणाऱ्याच्या खाली आणि ग्रंथालयाच्या वर. उपयुक्त चर्चेबद्दल, माझं नाव, पडद्यावर दोन हात लांब. अप्पांनी डोळे बारीक करून ते अक्षर अक्षर वाचलं.

मग म्हणाले, “आभारात तर मांडववाल्याचं बी नाव असतंय, साहेब.”

सभागृह हसलं. मोठ्यानं हसलं, कोल्हापुरात हसतात तसं, मांडीवर थाप मारून. बेळगावचे प्राध्यापक हसले. सर सगळ्यांत जास्त हसले आणि त्यांनी टाळीही वाजवली. मी अप्पांकडं बघत होते. त्यांनी एकदा चहूकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि मग तेही हसले. सगळ्यांबरोबर, मान हलवून, मी आपली गंमत केली अशा चेहऱ्यानं. मग खाली बसले. मी माईक वर घेतला आणि यानंतर चहापान आहे असं सांगितलं.

परतीच्या एसटीत आम्हाला जागा मिळाली होती. अप्पा खिडकीशी बसले. मला त्यांचा राग आला होता, उठल्याचा नव्हे, हसल्याचा. एवढं बोललात तर मग हसलात कशाला, असं मी अखेर विचारलं. ते बाहेर बघत म्हणाले, “तू वर माईक घिऊन हुबी हुतीस. तुझं तास त्याच्या हातात हाईत. मग काय करू?”

 त्यांचा हात माझ्या पर्सवर होता, गर्दीत कुणी ओढू नये म्हणून ते माझी पर्स नेहमी धरून बसतात. मी तो तसाच राहू दिला.

जूनमध्ये मला तास मिळाले. आदल्या वर्षीपेक्षा दोन जास्तच. वेळापत्रक माझ्या हातात देताना सर म्हणाले, तुमचे वडील मोठे विनोदी आहेत हो.

मी म्हणाले, हो सर.